पोलिसाची पेन्शन कुठल्या खात्यातून येते?

सुदामा नगरातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. यजमान इंदूर पोलिसातून उपनिरीक्षक म्हणून नुकतेच रिटायर झाले. मुलगा शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात असतो. त्याने घर घेतलं आणि पहिल्याच वर्षीच्या घरपट्टीच्या बिलात पोलिस पेन्शन, फायर पेन्शन अशा रकमा बघून चक्रावला. आता फोनवर विचारतो, ‘बाबांची पेन्शनपण इंदूरच्या लोकांच्या संपत्ती करातूनच येते का?’ जोडीला ताईंचा स्वतःचा प्रश्न असा की दिरांचा मुलगा 2009 मध्ये आरक्षक, म्हणजे पोलिस शिपाई म्हणून लागला, त्याच्या हाती म्हातारपणी काय पडणार?

मी मध्य प्रदेशाच्या कोष व लेखा खात्यात नोकरी केली, आणि त्यातली चार वर्षं एका नगर निगमात प्रतिनियुक्तीवर लेखा अधिकारी होतो. म्हणजे पेन्शनची फाइल पाठवणाऱ्या टेबलावरही बसलोय आणि ती परत करणाऱ्या टेबलावरही. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

आधी सरळ उत्तर. नाही. इंदूर नगर निगमाला तुम्ही भरता त्या संपत्ती करातला एक पैसाही यजमानांच्या पेन्शनला जात नाही. पोलिस हा राज्याचा विषय, घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतली दुसरीच नोंद. पगार राज्याचा आणि पेन्शनही राज्याच्या एकत्रित निधीतून. 2021 च्या डिसेंबरात इंदूर-भोपाळला पोलिस कमिश्नर प्रणाली आली तेव्हा ओळखीच्या दोघा-तिघांनी मला विचारलं होतं, की आता पोलिस निगमाच्या हाताखाली गेले का? शहरात दोन कमिश्नर झाले एवढंच. एक आयएएस, एक आयपीएस. दोघांच्या तिजोऱ्यांचा एकमेकींशी संबंध नाही.

पण एवढ्यावर थांबलं तर मुलाला वाटेल की इथे पोलिसांची म्हातारपणं फुकटात निघतात. तसं नाही. पैसा आपणच भरतो, फक्त तो बिलावर दिसत नाही. पेट्रोलवरचा व्हॅट, दारूवरचा अबकारी कर, रजिस्ट्रीची स्टँप ड्यूटी, जीएसटीतला राज्याचा वाटा, हे सगळं एका मोठ्या हौदात पडतं आणि पेन्शन त्यातून निघते. त्यातही एक गंमत आहे. राज्याच्या बजेटमध्ये पोलिसांचा खर्च 2055 या मुख्य शीर्षाखाली, म्हणजे हिशेबाच्या त्या नंबरच्या खात्यात असतो. विधानसभेत पोलिसांवर किती खर्च झाला यावर वाद होतात ते या आकड्यावरून. पेन्शन मात्र तिथे नाहीच. ती 2071 मध्ये, मास्तर, तलाठी, नर्स, इंजिनिअर, सगळ्यांच्या पेन्शनबरोबर एकत्र कालवलेली. त्या 2071 च्या पोटात साधी पेन्शन 101 मध्ये, कम्युटेशन (पेन्शनचा विकलेला भाग) 102 मध्ये, ग्रॅच्युइटी 104 मध्ये, फॅमिली पेन्शन 105 मध्ये. पण ‘यातली पोलिसांची किती?’ हा प्रश्न त्या पुस्तकाला विचारता येत नाही. मी नोकरीत असताना एकदा हौसेने काढायला बसलो होतो. दोन दिवसांनी पीपीओंचे, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशांचे गठ्ठे परत बांधून ठेवले.

आता मुलाच्या गावाचं बघू. इलिनॉयमध्ये 5,000 ते 5 लाख वस्तीच्या गावाला स्वतःचं पोलिस दल असलं की स्वतःचा पोलिस पेन्शन फंड ठेवावाच लागतो, तसा राज्याचा कायदाच आहे. शिकागो सोडून असे साडेतीनशेच्या वर फंड आहेत. पोलिसाच्या पगारातून 9.91 टक्के कापले जातात, आणि बाकी जे कमी पडेल ते गावाने घरपट्टीतून उभं करायचं. 2011 च्या आधी लागलेला पोलिस 20 वर्षं नोकरी आणि 50 वर्षं वय झालं की शेवटच्या पगाराच्या निम्मी पेन्शन घेऊन जाऊ शकतो. पुढच्या प्रत्येक वर्षाला अडीच टक्के वाढत 75 टक्क्यांपर्यंत. वर 55 व्या वर्षानंतर दरसाल 3 टक्के वाढ, आणि तीही चक्रवाढीने. 1 जानेवारी 2011 नंतर लागलेल्यांना थोडं कडक केलंय, पूर्ण पेन्शनचं वय 55 वगैरे. तिकडचं सोशल सिक्युरिटी, म्हणजे सर्वसामान्यांना मिळणारी सरकारी पेन्शन, तिथल्या बहुतेक पोलिसांना लागू नाही, हेही मुलाने लक्षात ठेवावं. त्यांचं म्हातारपण या एका फंडावरच उभं असतं.

मग बिल इतकं का फुगलं? चांगल्या वर्षांत गावांनी फंडात हात आखडता घेतला, बाजारातून जेवढी कमाई गृहीत धरली तेवढी झाली नाही, माणसं जास्त जगू लागली, आणि 3 टक्क्यांची चक्रवाढ कुणाला विचारून थांबत नाही. 1970 च्या तिथल्या राज्यघटनेत लिहिलंय की पेन्शन हा करार आहे आणि कबूल केलेलं कमी करता येणार नाही. 2013 मध्ये राज्याने कपातीचा कायदा केला तो तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये याच कलमावर रद्द केला. आता 2040 पर्यंत प्रत्येक फंड 90 टक्के भरलेला हवा असं बंधन आहे. दरवर्षी ॲक्च्युअरी, म्हणजे पेन्शन-विम्याचं गणित मांडणारा तज्ज्ञ, हिशेब करून रक्कम सांगतो, नगर परिषद तेवढी घरपट्टी लावते. गावाने नाही भरले तर फंड राज्याकडे तक्रार करू शकतो आणि राज्य गावाला द्यायच्या पैशातून ते परस्पर वळवतं. शिकागोच्या दक्षिणेला हार्वी नावाचं गाव आहे, तिथे 2018 मध्ये असं झालं, आणि रिटायर पोलिसांची पेन्शन भागवताना चालू नोकरीतल्या पोलिसांना आणि फायरच्या माणसांना घरी बसवावं लागलं.

सगळीकडे करार इतका पक्काही नसतो. ऱ्होड आयलंडमधलं सेंट्रल फॉल्स 2011 मध्ये दिवाळखोरीत गेलं आणि पोलिस-फायरच्या काही पेन्शनी निम्म्याहून जास्त, 55 टक्क्यांपर्यंत कापल्या गेल्या. डेट्रॉइटचं 2013 चं दिवाळं जगभर गाजलं. तिथे पोलिसांची मूळ पेन्शन वाचली पण वार्षिक वाढ अर्ध्याहून कमी झाली. अलाबामातल्या प्रिचर्ड गावाने तर 2009 मध्ये चेक पाठवणंच बंद केलं. रिटायर हवालदाराला पेन्शन येते की नाही हे त्याच्या गावात किती घरं आणि किती दुकानं उरली यावर ठरतं. मला ही पद्धत भीतिदायक वाटते. आपल्याकडे अलीराजपूरच्या थान्यातून रिटायर झालेल्याला इंदूरवाल्याएवढीच खात्री असते, कारण हौद एकच.

मात्र तिकडची एक गोष्ट चांगली आहे. तिथे हिशेब मांडलेला असतो. किती देणं लागतो, किती जमा आहे, किती तूट आहे, दरवर्षी छापून येतं. आपल्या जुन्या पेन्शनमागे फंडच नाही, त्यामुळे तूट मोजायचा प्रश्नही नाही. या वर्षी जेवढे पेन्शनर तेवढा खर्च, पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी.

हे सगळं इकडेही गावांच्या गळ्यात पडलं असतं, बरं का. इंग्रजी अंमलातल्या सुरुवातीच्या नगरपालिकांच्या खर्चात गावच्या पोलिसांचा पगार ही मोठी बाब होती. झाडू आणि दिवाबत्ती त्यानंतर. 1882 मध्ये व्हाइसरॉय रिपनच्या सरकारने नगरपालिकांवरचा हा भार काढायचं धोरण ठरवलं आणि बदल्यात शाळा-दवाखान्यांकडे बघा म्हणून सांगितलं. मुंबई शहराचं भांडण त्यापुढेही चाललं. शेवटी 1907 मध्ये खास पोलिस खर्चाचा कायदा होऊन मुंबई महापालिका त्यातून सुटली आणि प्राथमिक शिक्षण तिच्याकडे आलं. इंदूर तेव्हा होळकरांचं, त्यामुळे ते ठराव इथे लागू नव्हते, पण 1948 च्या मध्य भारतानंतर आणि 1956 च्या मध्य प्रदेशानंतर आपणही त्याच रुळावर आलो. 74 व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना देता येतील अशी 18 कामं बाराव्या अनुसूचीत लिहिली. त्यात अग्निशमन आहे, पोलिस नाही.

आणि इथे इंदूरची खासियत आली. घटनेत अग्निशमन निगमाच्या यादीत असलं तरी आपल्या शहरात अनेक वर्षं फायर ब्रिगेड पोलिसांच्याच हाताखाली होती. मोती तबेल्यावरून निघणारा लाल बंब पोलिस खात्याचा. ग्वाल्हेरला तोच बंब नगर निगमाचा. म्हणजे त्या काळात आग विझवणारे दोन माणूस एकाच दिवशी रिटायर झाले, तर इंदूरवाल्याची पेन्शन राज्याच्या 2071 मधून आणि ग्वाल्हेरवाल्याचं सगळं निगमाच्या नियमांनी, निगमाच्या गल्ल्याकडे बघत. निगमांचे गल्ले कसे असतात हे मी चार वर्षं बघितलंय. 1976 मध्ये राज्याने चुंगी, म्हणजे जकात, बंद केली, तेव्हापासून चुंगी क्षतिपूर्तीची (भरपाईची) रक्कम भोपाळहून येते आणि पगाराचं गणित त्या तारखेवर चालतं. त्यातूनही विजेची थकबाकी आधीच वळती झाली तर मग एक तारीख दहावर जाते. यजमान पोलिसात होते, निगमात नव्हते, हे तुमचं नशीब समजा.

आता एका जागी निगम खरोखरच पोलिसाच्या पेन्शनचे पैसे भरतं. अतिक्रमण हटवणारी रिमूव्हल गँग घ्या. तिच्यासोबत काही वेळा पोलिस प्रतिनियुक्तीवर असतात. त्या काळात पगार निगम देतं आणि पगाराशिवाय रजा वेतनाचं आणि पेन्शनचं अंशदान दर महिन्याला राज्याच्या खात्यात भरावं लागतं. तत्त्व साधं आहे: माणूस तीन वर्षं तुमच्यासाठी राबला, तर त्या तीन वर्षांपुरतं त्याच्या म्हातारपणाचं ओझं तुम्ही उचला. बँका किंवा कंपन्या खर्चाने पोलिस गार्ड मागवतात तेव्हाही दरात हा भाग धरलेला असतो. 1861 च्या पोलिस कायद्याच्या 13 व्या कलमापासून मागणाऱ्याच्या खर्चाने पोलिस देण्याची सोय आहे.

रक्कम छोटी, पण त्रास मोठा. एक प्रकरण सांगतो, शहराचं नाव घेत नाही. एक हवालदार रिटायर होऊन आठ महिने झाले तरी पीपीओ नाही. फाइल दोनदा परत, शेरा एकच: प्रतिनियुक्ती काळातल्या 14 महिन्यांचं पेन्शन अंशदान जमा असल्याचा पुरावा नाही. निगमातला बाबू म्हणतो आम्ही भरलंय, खातं म्हणतं आलं नाही. हवालदार मिठाईच्या दुकानाच्या प्लास्टिकच्या थैलीत सेवा पुस्तिकेची झेरॉक्स घेऊन तिसऱ्यांदा माझ्यासमोर बसला, आणि पहिल्यांदाच आवाज चढवून बोलला. तोवर तो दर वेळी ‘साहेब, घाई नाही’ म्हणायचा. मग मी त्या वर्षांची रोकड वही मागवली. बांधणी सुटलेली, कोपरे उंदरांनी खाल्लेले. चलनं एकेक जुळवत गेलो तर चौदाच्या चौदा सापडली. पैसे वेळेवर भरलेले होते. फक्त शीर्ष चुकलेलं. पेन्शन अंशदान 0071 मध्ये जमा करायचं असतं, बाबूने ‘पोलिसांचे पैसे’ म्हणून 0055 मध्ये, पोलिसांच्या जमा शीर्षात टाकले होते. राज्याच्या तिजोरीत पैसा होता, खोली चुकली होती. नोंद दुरुस्त करायला महालेखाकारांकडे ग्वाल्हेरला प्रस्ताव गेला, पाच महिने गेले, मग पीपीओ निघाला. मधल्या काळात तात्पुरती पेन्शन सुरू करता येते, ती त्याच्या ऑफिसात कुणी त्याला सांगितलीच नव्हती. म्हणून यजमानांना विचारा: कधी निगमात, प्राधिकरणात, कुठल्या मंडळात प्रतिनियुक्तीवर होते का? असतील तर त्या काळातली चलनं आणि त्यावरचं शीर्ष, दोन्ही बघून घ्या.

आता हाती काय येतं ते. यजमान 2005 च्या आधीचे, म्हणजे 1976 चे मध्य प्रदेश पेन्शन नियम त्यांना लागू. 33 वर्षं अर्हताकारी, म्हणजे पेन्शनला धरली जाणारी सेवा झाली की शेवटच्या वेतनाच्या निम्मी पेन्शन. सेवा कमी असेल तर त्या प्रमाणात: 30 वर्षं म्हणजे 66 सहामाह्यांपैकी 60. मूळ वेतन 60,000 धरलं आणि सेवा पूर्ण असेल तर पेन्शन 30,000. त्यातली एक-तृतीयांश विकता येते, तिला कम्युटेशन म्हणतात. विकली तर दरमहा 20,000 हातात आणि एकरकमी गठ्ठा वेगळा, 15 वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. लोक एक चूक करतात ती अशी की महागाई राहत, म्हणजे पेन्शनरांचा महागाई भत्ता, हीही 20,000 वर मिळेल असं धरून चालतात. ती पूर्ण 30,000 वर मिळते, पासबुकात तपासून घ्या. ग्रॅच्युइटी जास्तीत जास्त साडेसोळा महिन्यांच्या वेतनाची, महागाई भत्ता धरून, वर कमाल मर्यादा आहेच. अर्जित रजा शिल्लक असेल तर 300 दिवसांपर्यंतचे पैसे. 2018 मध्ये रिटायरमेंटचं वय 60 चं 62 झालं, त्या दोन वर्षांनी बऱ्याच जणांची 33 ची भरती पूर्ण झाली.

महागाई राहतीबद्दल पेन्शनर मंडळी पारावर कुरकुरतात ती खरी आहे. 2000 च्या राज्य पुनर्गठन कायद्याच्या 49 व्या कलमाने जुन्या पेन्शनचा बोजा मध्य प्रदेश आणि छत्तीसगडमध्ये वाटला, ढोबळ मानाने तीन हिस्से आपले आणि एक त्यांचा. त्यामुळे भोपाळने राहत वाढवायची ठरवली तरी रायपूरची संमती मागायची प्रथा पडली. कामावरच्या पोलिसाचा भत्ता वाढतो आणि रिटायर पोलिस त्या संमतीच्या पत्राची वाट बघत बसतो. इंदूरच्या थान्यात जन्मभर काढलेल्या माणसाला रायपूर का मध्ये येतं हे समजावून सांगणं मला कधी जमलेलं नाही.

दिरांच्या मुलाचं चित्र वेगळं. 1 जानेवारी 2005 पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन प्रणाली. त्याच्या पगारातून 10 टक्के, शासनाकडून आधी 10 आणि आता 14 टक्के, आणि पैसा बाजारात. रिटायर होताना 60 टक्क्यांपर्यंत रक्कम हातात, किमान 40 टक्क्यांची ॲन्युइटी घ्यायची, म्हणजे ती रक्कम विमा कंपनीकडे देऊन तिच्याकडून दरमहा पेन्शन घ्यायची. पेन्शन किती हे कुणी आज सांगू शकत नाही, आणि राहत नावाची गोष्टच नाही. म्हणजे बघा, शिकागोजवळच्या त्या गावच्या पोलिसाची पेन्शन पक्की पण गाव घायकुतीला, आपल्या 2009 च्या आरक्षकाची पेन्शन अनिश्चित पण सरकारचं देणं महिन्याच्या महिन्याला फिटलेलं. राजस्थान आणि छत्तीसगडने 2022 मध्ये जुनी पेन्शन परत आणली, आपण नाही. केंद्राची एकीकृत पेन्शन 1 एप्रिल 2025 पासून आली, ती केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी. तो प्रतिनियुक्तीवर गेला तर 14 टक्क्यांचा हिस्सा घेणाऱ्या संस्थेने भरायचा असतो. त्याला म्हणावं, प्रानच्या (एनपीएस खात्याच्या नंबरच्या) स्टेटमेंटमध्ये त्या महिन्यांच्या ओळी रिकाम्या तर नाहीत ना, ते दर वर्षी बघ. जुन्या पेन्शनवाल्याचं चुकलेलं चलन पुढे-मागे सापडतं, पण न भरलेल्या महिन्यावरची बाजारातली वाढ मागाहून मिळवायला फार भांडावं लागतं.

यजमानांसाठी दोन गोष्टी राहिल्या. वेतन निर्धारणाच्या तपासणीत जुना जादा पगार निघाला म्हणून ग्रॅच्युइटीतून वसुली लावली असेल, तर मुकाट्याने सही करू नका. 2014 च्या रफीक मसीह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय-चतुर्थ श्रेणीच्या आणि रिटायर झालेल्या किंवा वर्षभरात होणाऱ्या कर्मचाऱ्यांकडून अशी वसुली करू नये असं म्हटलंय. खातं मग नोकरीत असताना लिहून घेतलेलं हमीपत्र पुढे करतं आणि वाद तिथे फिरतो, म्हणून ते हमीपत्र कधी आणि कशासाठी दिलं होतं याची प्रत काढून ठेवा. दुसरं, ते 30 जून किंवा 31 डिसेंबरला रिटायर झाले असतील तर दुसऱ्या दिवशी लागणारी वेतनवाढ पेन्शनच्या हिशेबात धरली आहे का ते पीपीओवर बघा. 2023 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने वर्षभराच्या कामाची ती वाढ द्यावी असा निकाल दिलाय. रिटायरमेंटची तारीख, शेवटचं मूळ वेतन आणि पीपीओचं पहिलं पान एवढं पाठवा, आकडा मी जुळवून देतो.